नातवंडांचा सांभाळ व कायद्याचे साहाय्य

शाळेच्या प्रवेशपत्रात 'पालकाचे नाव' असे एक घर असते व त्याच्या खाली 'पालकाची सही' असे दुसरे. ही घरे ज्याने आखली त्याच्या मनात बाप, फार तर आई, असावी. परंतु आपल्या किनाऱ्यावरील शाळांत ह्या घरात आजोबांची थरथरती सही किंवा आजीचा अंगठा असावा, ह्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तो अंगठा पाहून कारकून क्षणभर थांबतो, आजी ओशाळते आणि मूल जमिनीकडे पाहू लागते. हा अंगठा कायद्याने चालतो काय? चालत असल्यास कोठवर चालतो, आणि कोठे अडतो? ह्याचे उत्तर पालकांस व वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. विषय कायद्याचा म्हणून थोडा रुक्ष होईल खरा. परंतु ज्यांच्या घरी ही गोष्ट रोजची आहे, त्यांस तो रुक्ष वाटणार नाही अशी आशा आहे.

आजी-आजोबांकडे मुले राहण्याचे प्रकार निरनिराळे आहेत, व ते प्रथम वेगळे केले पाहिजेत. एडवण, मथाणे, दातिवरे ह्या बाजूची कितीतरी तरुण मंडळी सफाळ्यास जाऊन पहाटेची गाडी धरतात. कोणी मुंबईकडे जातात, कोणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जातात. त्यांची मुले दिवसभर आजीच्या हाती असतात व रात्री आईच्या कुशीत येतात. हा सांभाळ सुखाचा होय. त्यास कायद्याची गरज पडत नाही. दुसरा प्रकार रेल्वेच्या पूर्वेकडील पाड्यांचा. दिवाळी सरली की तेथील कितीतरी वारली व कातकरी कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळा बुडू नये म्हणून काही आईबाप मुलांस म्हाताऱ्यांजवळ ठेवून जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या कुटुंबांतही हीच रीत आहे. येथे आईबाप हयात असतात, परंतु सहा-सहा महिने डोळ्यांआड असतात. तिसरा प्रकार सर्वांत कठीण. बाप समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. आई दुखण्याने गेली. २०२० व २०२१ सालच्या कोविडच्या साथीत दोघेही गेली. किंवा बापाने दुसरा संसार थाटला आणि पहिल्या संसारातील पोरे आईबापांच्या पदरी टाकून तो निघून गेला. पुढील विवेचन मुख्यतः ह्या तिसऱ्या प्रकारच्या घरांसाठी आहे.

ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. १६५९ साली सईबाई निवर्तल्या तेव्हा संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते, आणि त्यांचे संगोपन जिजाबाईंनी केले, हे लहान मूलही सांगेल. मात्र जिजाबाईंस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालावे लागले नाहीत, किंवा बँकेतील खिडकीपाशी 'आपण मुलाच्या कोण?' असा प्रश्न त्यांस कोणी केला नाही. आजच्या आजीस तो प्रश्न पदोपदी येतो, आणि 'मी ह्याची आजी' हे खरे उत्तर काही ठिकाणी पुरते व काही ठिकाणी पुरत नाही. सारा घोटाळा येथेच आहे.

ह्याचे मूळ असे की, 'पालक' हा शब्द कायद्यात दोन अर्थांनी येतो. १८९० सालचा पालक व पाल्य कायदा हा ह्या विषयातील जुना व अद्याप चालू असलेला कायदा होय. त्याच्या व्याख्येप्रमाणे अज्ञान मुलाच्या शरीराची किंवा मालमत्तेची काळजी ज्याच्याकडे आहे, तो पालक. ह्या अर्थाने पहाटे उठून नातवास भाकरी करून घालणारी आजी पालकच ठरते. परंतु मुलाच्या वतीने सही करण्याचा, त्याचा पैसा हाताळण्याचा व त्याच्या जमिनीविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ज्यास कायद्याने आपोआप मिळतो, त्यास नैसर्गिक पालक म्हणतात. हिंदूंच्या बाबतीत १९५६ सालच्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात त्यांची यादी दिली आहे. तीत प्रथम बाप, त्याच्या मागे आई; विवाहित अज्ञान मुलीच्या बाबतीत नवरा. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी असावे, असेही तीत म्हटले आहे. त्या यादीत आजीचे नाव नाही, आजोबांचेही नाही. ख्रिस्ती कुटुंबांसाठी असा वेगळा कायदा नसल्याने त्यांस १८९० च्या कायद्याकडेच जावे लागते. तात्पर्य, धर्म कोणताही असो, आजी ही पालनकर्ती आहे. पण न्यायालयाने तसे ठरवून दिल्याखेरीज ती पूर्ण अर्थाने पालक नाही.

आता शाळेचे पाहू, कारण आमचा अधिक संबंध तिच्याशीच. येथे कायदा आजीच्या बाजूने उभा आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्यात ज्याच्याकडे मुलाची देखभाल व ताबा आहे, अशी व्यक्ती पालक होय, असे स्पष्ट म्हटले आहे; न्यायालयाने नेमलेला पालक हा त्यांतील केवळ एक प्रकार. वयाचा दाखला नाही एवढ्या कारणावरून मुलास प्रवेश नाकारता येत नाही, असेही त्याच कायद्यात आहे. म्हणून प्राथमिक शाळेत नाव घालण्यासाठी आजीने वकील गाठण्याचे कारण नाही. आईबाप वीटभट्टीवर असोत की परलोकी, तिचा अंगठा तेथे चालतो. हे कित्येक शाळांतील कारकुनांसही ठाऊक नसते, मग आजीस कोठून असणार? आईबाप हयात पण दूर असतील तर त्यांनी जाण्यापूर्वी साध्या कागदावर शाळेच्या व दवाखान्याच्या नावे एक संमतिपत्र लिहून ठेवावे. त्यात आजीचे नाव, त्यांचा स्वतःचा दूरध्वनी क्रमांक, आणि तातडीच्या प्रसंगी औषधोपचारास संमती एवढे असले म्हणजे बहुतेक कामे भागतात.

परंतु त्याहून मोठ्या कागदाच्या मोहात पडू नये. मुद्रांकाच्या कागदावर 'मी माझ्या मुलाचे पालकत्व माझ्या आईस देत आहे' असे लिहून, नोटरीचा शिक्का मारून लोक निश्चिंत होतात. अशा खाजगी लेखाने पालकत्व एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. नोटरी लिहिणाराची ओळख पटवतो, अधिकार देत नाही. ह्या कागदापायी गरीब माणसे पैसे घालवतात व पुढे बँकेत तोच कागद परत मिळाला की हताश होतात.

बँकेत व मालमत्तेत आजीचे म्हणणे कोठे अडते त्याचे एक उदाहरण नुकतेच घडले. मुलींसाठी असलेल्या सुकन्या समृद्धी योजनेत अनेक आजी-आजोबांनी नातींच्या नावे हौसेने खाती उघडली होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या अर्थखात्याने असे ठरविले की, कायदेशीर पालक नसलेल्या आजी-आजोबांनी उघडलेल्या खात्यांचे पालकत्व त्या मुलीच्या हयात आईबापांकडे, नाहीतर न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडे वळवावे. पैसे आजोबांचे, माया आजोबांची, परंतु खात्यावर नाव चालले नाही! ह्यास निर्दयपणा म्हणावा असे मला वाटत नाही. मुलाच्या पैशावर ज्याने त्याने सही करू लागल्यास त्या पैशाचे काय होईल, हे गावकऱ्यांस सांगणे नको. एक सोय मात्र ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास स्वतःच्या सहीने बचत खाते उघडता व चालविता येते. बँक फक्त रकमेच्या मर्यादा घालू शकते. तेव्हा पाचवी-सहावीतील अनाथ मुलास आपल्या शिष्यवृत्तीसाठी कोणा पालकाच्या हुकुमाची वाट पाहावी लागू नये.

जमिनीचा प्रश्न अधिक नाजूक. बाप मरण पावला म्हणजे त्याच्या जमिनीवर मुलांची वारस म्हणून नोंद व्हावयास पाहिजे. सात-बाराच्या उताऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी अक्षरे असतात, ती 'अज्ञान पालनकर्ता' ह्या शब्दांची होत. त्यापुढे पालनकर्त्याचे नाव येते. 'पोर लहान आहे, नंतर पाहू' असे म्हणून चुलते ही नोंद लांबवितात, आणि तो 'नंतर' पुष्कळदा कधीच उगवत नाही. आपल्या भागात जमिनीचे मोल सारखे वाढत असता अशी दिरंगाई मुलास फार महाग पडते. आजीने तलाठ्याकडे, म्हणजे ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, वारस नोंदीचा अर्ज ताबडतोब करावा. दुसरी गोष्ट अशी की, केवळ सांभाळ करते एवढ्या आधारावर आजीस नातवाचा वाटा विकता किंवा गहाण टाकता येत नाही. १९५६ च्या कायद्याने ते स्पष्ट शब्दांत मना केले आहे. न्यायालयाने नेमलेल्या पालकासही न्यायालयाच्या परवानगीवाचून विक्री, गहाण, बक्षीस, किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा करता येत नाही. हे बंधन आजीवर अविश्वास म्हणून नव्हे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत मुलाची आई ही देखील त्याच्या मुलांबरोबर पहिल्या वर्गातील वारस असते. म्हणजे एकाच जमिनीत आजीचाही वाटा व नातवाचाही! अशा वेळी दोघांच्या हिताकडे तिसऱ्या कोणीतरी पाहणे इष्टच.

मग न्यायालयाचा हुकूम मिळवावयाचा कसा? मूल सामान्यतः ज्या जिल्ह्यात राहते, तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. अर्जात मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म, राहण्याचे ठिकाण, जवळचे नातेवाईक, मालमत्ता असल्यास तिचा तपशील, आणि मूल सध्या कोणाजवळ आहे हे लिहावयाचे असते. ज्यास पालक नेमावयाचे त्याने आपली तयारी लेखी कळवावयाची व त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यावयाच्या. न्यायालय नातेवाइकांस नोटिसा काढते. आईबाप हयात व लायक असतील तर आजीस पालक नेमले जात नाही. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका वृद्ध आजीने सांभाळलेल्या पाच वर्षांच्या नातवाचा प्रश्न आला, तेव्हा त्याच्या जन्मदात्यांचाच हक्क वरचढ ठरला. आजीचे दुःख समजण्यासारखे आहे, तथापि कायदा ह्या बाबतीत डळमळीत नाही. आईबाप नसतील किंवा नालायक ठरतील, तर मात्र न्यायाधीश मुलाचे कल्याण पाहतात: त्याचे वय व धर्म, इच्छुक पालकाचे शील व पात्रता, नात्याची जवळीक, मृत आईबापांची इच्छा, आणि मूल समंजस वयाचे असल्यास त्याची स्वतःची पसंती. आठवी-नववीतील मुलांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. तुमचे म्हणणे न्यायालय विचारात घेऊ शकते.

'आम्ही म्हातारे, आम्हांला कोण मुले देणार?' असे म्हणून कित्येक आजी-आजोबा अर्जच करीत नाहीत. त्यांच्यासाठी ९ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल सांगतो. अहमदाबाद येथे कोविडच्या साथीत एका लहान मुलाचे बाप व आई महिन्याभराच्या अंतराने वारले. बापाचे आईबाप, म्हणजे आजोबा व आजी, अनुक्रमे ७१ व ६३ वर्षांचे होते. आईची बहीण ४६ वर्षांची, अविवाहित, सरकारी नोकरीत, व एकत्र कुटुंबात राहणारी. गुजरातच्या उच्च न्यायालयाने मावशीकडे कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. केवळ वय कमी, मिळकत अधिक किंवा कुटुंब मोठे म्हणून मुलास आजी-आजोबांपासून दूर करता येत नाही. नातवंडांवर त्यांचा जीव अधिक असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. पैशाने तोलून मूल कोणाच्या पदरात घालावयाचे हे ठरत नाही, एवढा धीर त्यापासून घ्यावा. मात्र प्रत्येक खटल्याची हकीकत वेगळी असते, हेही विसरू नये.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ सालच्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, तसेच अनुसूचित जाती-जमातींची माणसे ह्यांस सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग त्यांची मिळकत कितीही असो. अर्थात आजीने आपल्या नावे अर्ज केला तर तिला वकील फुकट मिळेल. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. आजी-आजोबांनी दत्तक घेण्याचीही एक वाट आहे. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्यात नात्यातील दत्तकासाठी जी नाती मोजली आहेत, त्यांत दोन्हीकडील आजी-आजोबा येतात, आणि हुकूम जिल्हाधिकारी देतात. परंतु तसे केल्याने नातू कायद्याने मुलगा होतो, वारसाची सारी गणिते बदलतात, व मेलेल्या बापाचे नाव मुलाच्या नावामागून जाऊ शकते. फार मोठे कारण नसल्यास हा मार्ग मला पसंत नाही. पालकत्वाचा हुकूम पुरेसा आहे.

येथवर अधिकाराचे झाले. आता भाकरीचे पाहू. महाराष्ट्रात बालसंगोपन नावाची योजना आहे. २०२३ साली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव देण्यात आले व मुलामागे मिळणारी दरमहाची रक्कम १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आली. अनाथ मुले, आईबापांपैकी एकच उरलेली मुले, टाकलेली मुले, आईबाप दुर्धर रोगाने अंथरुणास खिळले आहेत किंवा तुरुंगात आहेत अशी मुले, अठरा वर्षांपर्यंत ह्या योजनेस पात्र होतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे करावयाचा. घरी चौकशी होते आणि बालकल्याण समिती हुकूम देते. ह्यासारखीच केंद्राची मिशन वात्सल्य नावाची योजना आहे. तीत मुलास दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. खेड्यातील कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ७२,००० रुपयांच्या आत असावे लागते. आजी-आजोबांपैकी कोणी ६५ वर्षांवरील व अत्यंत गरीब असतील तर त्यांनी श्रावणबाळ योजनेचाही विचार करावा. तिची रक्कम २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये आहे. कोविडमध्ये दोन्ही आईबाप गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने मे २०२१ मध्ये तेविसाव्या वर्षी मिळावयाचे १० लाख रुपये, व राज्याने त्याच वर्षी ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली होती. ज्या घरी असे कागद आहेत, तेथे ते डोळ्यांत तेल घालून जपावेत.

बालकल्याण समितीचे नाव काढले की पाड्यावरची माणसे बिचकतात. 'ते पोराला उचलून आश्रमात टाकतील' ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ती निराधार आहे. बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतच असे लिहिले आहे की, मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा अगदी अखेरचा उपाय. जेथे आजी-आजोबा सांभाळ करीत आहेत, तेथे समितीकडे जाण्याचा हेतू मूल घरातच टिकावे, एवढाच असतो.

एक बाब आपल्या किनाऱ्याची खास आहे. बाप होडीवरून पाण्यात पडला आणि देह हाती लागला नाही, तर मृत्यूचा दाखला मिळत नाही. आणि दाखला नाही म्हणून वारस नोंद नाही, विमा नाही, बँकेतील शिल्लक नाही. जवळच्या माणसांस सात वर्षे ज्याची खबर लागली नाही, तो मेला असे धरून चालावे, असा पुराव्याचा जुना नियम आहे, आणि तो २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. सात वर्षांत पहिलीतील मूल आठवीत येते! २०१३ साली उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा बेपत्ता माणसांसाठी सरकारने खास पद्धत ठरवून सात वर्षांची वाट न पाहता दाखले दिले. एकट्या होडीवरील एकट्या माणसासाठी अशी खास पद्धत सहसा निघत नाही. म्हणूनच बेपत्ता झाल्याची नोंद त्याच दिवशी सागरी पोलीस ठाण्यात करावी, तिची प्रत घ्यावी, बरोबरच्या खलाशांचे जबाब लिहवून घ्यावेत, व मच्छीमार सहकारी संस्थेचे पत्र घ्यावे. न्यायालयापुढे ह्याच कागदांचे वजन पडते. घरात रडारड चालू असता हे करावयास कोणी शेजारी किंवा शिक्षक पुढे झाला पाहिजे. त्या घरची माणसे त्या वेळी भानावर नसतात. बालसंगोपनासाठी मात्र सात वर्षे थांबावे लागत नाही. ज्यांच्या आईबापांचा पत्ता लागत नाही, त्या मुलांचाही त्या योजनेत विचार होतो.

बाप जिवंत आहे, मिळवता आहे, पण पोरांकडे पाहत नाही, अशा घरी काय करावे? लोकलाजेस्तव आजी गप्प बसते, कारण तो तिचाच मुलगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, जी जुलै २०२४ पासून लागू झाली, ऐपत असून मुलास पोटगी न देणाऱ्या बापाविरुद्ध न्यायदंडाधिकाऱ्यापुढे मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. शिवाय आजी-आजोबांस स्वतःसाठी निराळा हक्क आहे. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे ज्यांस आपल्या मिळकतीवर निर्वाह करता येत नाही, ते आपल्या सज्ञान मुलांकडून, व सज्ञान नातवंडांकडूनही, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागू शकतात. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात करावयाचा. तेथे वकील उभा राहत नाही, व नव्वद दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. मुलाविरुद्ध अर्ज करणे कोणा आईस गोड वाटेल? पण नातवाच्या ताटातील भाकरी त्याच्या बापाच्या खिशातूनच यावयास हवी, आजीच्या मासळीच्या टोपलीतून नव्हे.

परदेशात ह्या गोष्टीकडे कसे पाहतात तेही थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये २००५ च्या अखेरीपासून 'विशेष पालकत्व' नावाचा हुकूम मिळू लागला. त्यात आईबापांचे नाते न तोडता आजीस मुलाचे बहुतेक सारे निर्णय घेता येतात. अमेरिकेने २०१८ साली नातवंडे वाढविणाऱ्या आजी-आजोबांच्या साहाय्यासाठी स्वतंत्र कायदा केला. मला मात्र सर्वांत शहाणपणाची वाटते ती दक्षिण आफ्रिकेची रीत. तेथे १९९८ पासून मुलाचा सरकारी भत्ता आईबापांस असा न देता, मुलाची मुख्य देखभाल जो करतो त्यास देतात. एड्सच्या साथीत तेथे असंख्य मुले आजीच्या पदरात आली, आणि त्या भत्त्यास आजी कायदेशीर पालक आहे की नाही, ही अट आड आली नाही.

आता आम्हां शिक्षकांविषयी. 'उद्या आईवडिलांना घेऊन ये' हे वाक्य आम्ही दिवसातून किती वेळा उच्चारतो! ज्यास आईवडील नाहीत, त्या मुलास ते वाक्य छडीहून अधिक लागते. 'घरच्या मोठ्या माणसास घेऊन ये' असे म्हणावयास काय हरकत आहे? पालकसभा सकाळी अकरा वाजता ठेवली, तर मासळी विकावयास गेलेली आजी येणार कशी? आजोबांस नवे गणित समजत नाही, तेव्हा घरचा अभ्यास कच्चा राहिला म्हणून मुलास आळशी ठरवू नये. शाळा सुटल्यावर त्यास अर्धा तास बसवून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, आधारपत्राच्या प्रती, ही कामे मूल व आजी ह्यांनी एकट्याने करावयाची, असे कोठे लिहिलेले नाही. शाळेतील एका शिक्षकाने वर्षातून दोन दिवस ह्या कामासाठी दिले, तर दहा-वीस घरांचे अर्ज सहज भरून होतील.

राहता राहिले आजी-आजोबांचे स्वतःचे वय. ज्या मुलास एकदा पोरके व्हावे लागले, त्यास दुसऱ्यांदा होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून आजीच्या प्रकृतीची हेळसांड म्हणजे मुलाच्या भविष्याची हेळसांड. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, गरीब असो वा श्रीमंत, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळण्याची सोय झाली आहे. तिचे कार्ड काढून ठेवावे. न्यायालयाकडे अर्ज करताना आजीबरोबर एखादी मावशी, आत्या किंवा धाकटा काका ह्यास संयुक्त पालक नेमावे, अशी विनंती करता येते. वृद्ध आजी-आजोबांनी तशी विनंती अवश्य करावी. आईबापांपैकी जो उरला आहे तो आजारी असेल, तर त्याने मृत्युपत्रात मुलाचा पालक कोण असावा हे लिहून ठेवावे; हिंदू कायद्याने आईबापांस तो अधिकार दिला आहे.

आईबापांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, शिधापत्रिकेवर त्याचे नाव घातल्याची प्रत, सात-बाराचा उतारा, व बँकेचे पासबुक हे सारे एका पत्र्याच्या डब्यात ठेवावे, आणि तो डबा कोठे आहे हे मुलास व एका भरवशाच्या शेजाऱ्यास सांगून ठेवावे. ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांस एस.टी.चे अर्धे तिकीट पडते, व ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांस २०२२ पासून मुळीच पडत नाही. तेव्हा कचेरीत जाताना वयाचा पुरावा जवळ असावा. मुलावर संकट असल्यास १०९८, वृद्धांच्या अडचणीसाठी १४५६७, आणि फुकट वकिलासाठी १५१०० ह्या क्रमांकांवर दूरध्वनी करावा. तिन्ही ठिकाणी बोलण्यास पैसे पडत नाहीत.